गूळपाण्याचा फोटो

वरची वाडी, तळेघर
२८ मार्च

कल्पेश,

सकाळच्या भीमाशंकर गाडीनं पेपरचा गठ्ठा आला. टपरीवरच्या पोरांनी पाचवं पान माझ्या हातात दिलं आन् हसाया लागली. बघतो तर आमच्या आईचा फोटो. आई अण्णासाहेबांना तांब्या देतीय, अण्णासाहेब मान वर करून पाणी पितायत. खाली लिवलंय, 'नव्या नळयोजनेच्या पाण्याची चव घेताना अण्णासाहेब, सोबत कृतज्ञ महिला.' वर मोठ्या अक्षरात, 'वरच्या वाडीची तहान भागली'. बातमीवर 'घोडेगाव, वार्ताहर' असं हाय. घोडेगावचा वार्ताहर तूच, दुसरा कोण?

आरं, तू तिथंच व्हतास की रं! बायांनी रिकामे हंडे रस्त्यात मांडून अण्णासाहेबांची गाडी अडवली, तवा तू आमच्याच अंगाला हुबा व्हतास. आईनं सगळ्यांच्या देखत इचारलं, टाकी बांधली, नळ बसवलं, पर मोटार कुठं हाय? अण्णासाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं व्हतं. त्यातलं एक अक्षर न्हाई छापलं.

आन् ते गूळपाणी तुला काय नवं हाय का? आपल्या शिवंत उन्हातनं माणूस आला तर आधी गूळपाणी, मग भांडण. बाया तर ठेवणीतली लुगडी नेसून आलत्या, पावण्यापुढं फाटक्यात कसं जायचं म्हणून. आईनं झऱ्यावरनं आणलेली घरातली शेवटची कळशी, त्यातला तांब्या दिला त्यांना. टँकर दोन दिसांनी येयाचा व्हता, त्या दिवशी रातच्याला भात शिजवायला पाणी न्हवतं आमच्यात. ते पाणी तुमी नळाचं केलंत व्हय?

मी तुमच्या माडीवर ऱ्हाऊन शाळा शिकलो. तुझ्या वडलांनी, मोहनलालशेटनी, आन् तुझ्या आईनं, बाईंनी, मला कधी परकं केलं न्हाई. म्हणून दुसऱ्या कुणाला न्हाई, तुलाच इचारतो. हे तू लिवलंस का?

हौशीराम


घोडेगाव
२९ मार्च

हौशा,

तुझी चिठ्ठी रिकाम्या गठ्ठ्याबरोबर कंडक्टरने दुकानात आणून दिली. उद्याच्या गठ्ठ्यात हे उत्तर घालतोय. वाडीत रेंज नाही, आणि असती तरी हे फोनवर बोललो नसतो. हल्ली कोण कोणाचं बोलणं रेकॉर्ड करून कुठल्या ग्रुपवर टाकेल याचा नेम नाही.

मी ते लिहिलेलं नाही. मी पाठवलेल्या बातमीचं शीर्षक होतं, 'पाण्यासाठी महिलांनी अडवली नेत्याची गाडी'. फोटोही चांगले चार-पाच पाठवले होते, त्यात हंड्यांचेच जास्त. पुण्याच्या ऑफिसात सार्थक म्हणून एक मुलगा आमच्या तालुक्याचं पान लावतो. त्याने किंवा त्याच्या वरच्याने नेमका तोच एक उचलला. मी फोन केला तर म्हणतो, "कल्पेशभाऊ, फोटोच सगळं सांगतोय की. आजी पाणी देतायत, साहेब पितायत. पाणी नाही, तर दिलं काय?"

मी त्याला गूळपाण्याची रीत समजावून सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वा, यावर रविवारच्या पुरवणीत छान लेख होईल!" कपाळावर हात मारून घेतला मी.

खुलासा छापायला सांगितलं आहे. दोन-चार दिवसांत येईल. साळुमावशींना माझा नमस्कार सांग, आणि त्यांना सांग की कल्पेशने असं लिहिलं नाही. एवढं नक्की सांग रे.

तुझा
कल्पेश


वरची वाडी
९ एप्रिल

कल्पेश,

आईला सांगितलं. ती म्हणली, "मला ठावं हाय, त्यो लबाड न्हाई, भित्रा हाय." राग मानू नको, तिचं बोलणं तुला म्हाईत हाय.

खुलासा काय दिसंना. रोज पेपर उलटा-सुलटा बघतो. राशिभविष्य सुदीक वाचतो, त्यात बी न्हाई.

आता खरी गोष्ट ऐक. आमचा टँकर बंद झाला. गुढीपाडव्याच्या आधी येत व्हता, मंग येयाचा थांबला. आमाला वाटलं डिंभ्याच्या चढाला बिघडला आसंल. तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी फायलीतनं काय काढावं? तुझ्या पेपराचं कात्रण! आईचा फोटो, टाचणी लावून ठेवलेला. म्हणले, "तुमच्याकडं पाणी आलंय की, पेपरला आलंय. टँकर कशाला मागता?" मी म्हणलं, साहेब, चला, टाकी दावतो, आत कावळ्यांनी घरटं केलंय. तर म्हणले, "तिकडं यायला कुठं येळ हाय?" पेपर वाचायला बरा येळ व्हता.

आता बाया पार खालच्या दरीतल्या झऱ्याला जात्यात. वाट तू बघितलीस, सुट्टीत करवंदं खायाला आपण तिथनंच घसरत जायचो. तवा मजा वाटायची. आता डोक्यावर हंडा घिऊन तिथनं चढायचं म्हंजी काय ते त्यांनाच ठावं. आई बी जाती. नको म्हणलं तर आयकत न्हाई, म्हणती, माझ्या फोटोनं टँकर गेला, मी घरात बसून पिऊ व्हय?

खुलासा आला तर टँकर येईल. यवढंच अडलंय. तुझं कुठं अडलंय ते सरळ सांग.

हौशीराम


घोडेगाव
१४ एप्रिल

हौशा,

सरळ विचारलंस, सरळ सांगतो.

पुढच्या महिन्यात अण्णासाहेबांचा वाढदिवस. आमच्या पेपरची त्यांच्यावर अख्खी पुरवणी निघते. त्या पुरवणीच्या जाहिराती गोळा करायच्या कोणी, तर मी. बातमी मी लिहायची, जाहिरात मीच आणायची आणि सकाळी पेपरही मीच विकायचा. तुला वाटतं मी पत्रकार आहे. ऑफिसच्या लेखी मी घोडेगावचा जाहिरातवाला आहे, त्याला अधूनमधून लिहायला देतात.

खोटं लिहा असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही. 'आता नको', 'जरा लहान करा', 'समोरची बाजू घ्या', असं म्हणतात. समोरची बाजू म्हणजे अण्णासाहेबांची. तुमची बाजू छापलेलीच नसते, तरी समोरची घ्यायची. खुलाशाचं विचारलं की सार्थक म्हणतो, "वरून सांगितलंय, निवडणुका तोंडावर आहेत, नंतर बघू." तो पोरगा वाईट नाही. त्यालाही घरभाडं भरायचं असणार.

मी स्वतः कचेरीत जाऊन आलो. तुमच्या कोरड्या टाकीचा फोटो मोबाईलवर दाखवला. ते म्हणाले, असं काही छापून आलेलं असेल तर आणा. ऑफिस म्हणतं, कचेरीने लेखी दिलं तर छापतो. मी या दाराचा त्या दारात नुसता फिरतोय.

खरं सांगू? कंटाळलोय रे. नीलम म्हणते, "सोडा ते, दुकान बघा, कोणाची ओढाताण नको." आमच्या बाई जेवताना पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाल्या, "साळुबाईंकडे पाणी नाही ना अजून?" मी ताटावरून उठलो.

मावशींना झऱ्यावर जाऊ देऊ नकोस.

कल्पेश


वरची वाडी
२ मे

कल्पेश,

आई पडली. झऱ्याच्या वाटंवर पाय घसरला, हंड्यासकट खाली आली. झोळी करून वर आणली, मंचरला नेली. खुब्याच्या हाडाला चीर गेलीय. आता घरी हाय, बाजंवर. बोलतीय, खातीय, शिव्या देतीय. डाक्टर म्हणला हलायचं न्हाई, तर डाक्टरला बी शिव्या देतीय.

हे तुला लगेच कळवनार व्हतो, पर मधी येगळाच तमाशा झाला.

आमी मंचरला असताना वाडीवर टीव्हीवाल्यांची गाडी आली. ते तुझ्या पेपराच्या उलट्या अंगाचं चॅनेल, ज्याला अण्णासाहेब डोळ्यापुढं नको आसत्यात. शेजारची प्रयागबाई रडत व्हती, म्हणली, "म्हातारीचं आता काय खरं न्हाई." झालं! संध्याकाळी टीव्हीवर आईचा फोटो, तोच गूळपाण्याचा, त्याला हार घातलेला. 'पाण्याने घेतला साळुबाईंचा बळी. अण्णासाहेब, जबाब द्या!'

दुसऱ्या दिवशी आईला घिऊन घरी आलो, तर डिंभ्याची माझी मावशी मागोमाग गळा काढत आली. दारातच बसली आन् छाती बडवाया लागली. आतनं आईनं इचारलं, "काय गं, कोण गेलं?" मावशीला घेरीच आली. मंग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आमाला हसावं का रडावं कळंना. आजून लोकं येत्यात दुखवट्याला. आई बाजंवरनं हुकूम सोडून त्यांना चहा पाजती.

टीव्हीवाले परत आले, तवा मी झाडलं त्यांना. माईक घेतलेली ताई म्हणली, "आजी सुखरूप आहेत हे फार छान झालं, पण आधीचा व्हिडिओ लई चाललाय, तो काढता येणार न्हाई." मंग माझी मुलाखत घेतली. मी टाकीचं सांगितलं, मोटारीचं सांगितलं, कात्रणाचं सांगितलं. टीव्हीवर दावलं काय, तर मी डोळं पुसताना. डोळ्यात धुरळा गेला व्हता माझ्या!

टँकरचं एक अक्षर तुमी न्हाई दावलं, त्यांनी बी न्हाई. वैताग आलाय. कुणाशी बोलावं वाटत न्हाई.

हौशीराम


घोडेगाव
४ मे

हौशा,

मीही ते टीव्हीवरच पाहिलं, तेही दुसऱ्या दिवशी. दुकान तसंच टाकून निघालो. नीलम रडायला लागली, बाईंनी हात जोडले. डिंभ्यापर्यंत आलो, तर स्टँडवर तुझ्या मावसभावाने सांगितलं, म्हातारी जिवंत आहे, पाहुण्यांना चहा पाजतीय. मी तिथल्या बाकड्यावर बसलो आणि हुंदकाच फुटला. वर यायची हिंमत झाली नाही. कोणत्या तोंडाने आलो असतो? तिथूनच मागे फिरलो.

आता जे लिहितोय ते वाचून तू मला शिव्या देशील. तरी पुरतं वाच.

काल ऑफिसातून फोन आला. सार्थक नव्हता, त्याच्या वरचे होते. आजवर माझ्याशी एवढ्या गोड आवाजात कोणी बोललं नव्हतं. पहिल्या पानावर जागा ठेवली आहे. 'साळुबाई जिवंत! विरोधकांच्या चॅनेलचा खोटारडेपणा उघड.' इतकी वर्षं तुमच्या भागातली बातमी पाचव्या पानाच्या पुढे गेली नाही. आता मावशी जिवंत आहेत हे खरं आहे आणि सोयीचंही आहे, म्हणून पहिलं पान मोकळं झालं.

आज अण्णासाहेबांचे पीए दुकानात आले. त्यांना मावशींचा फोटो आणि मावशींच्या तोंडची दोन वाक्यं हवी आहेत. एक, मी बरी आहे. दुसरं, आम्हाला पाणी मिळतंय. मी म्हणालो, पाणी मिळत नाही हो. ते म्हणाले, "आजी म्हणू द्या ना, दुसऱ्या दिवशी टँकर वाडीत उभा करतो. पाऊस लागेपर्यंत बंद होणार नाही." पाणी आहे असं म्हटलं की पाणी येईल, असा सगळा हिशेब आहे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हौशा, खरं लिहून मला तुमचं पाणी आणता आलं नाही. खोटं लिहून येईल असं दिसतंय. मला काहीच सुचत नाही. मावशींना विचार. त्या नाही म्हणाल्या तर मी लिहिणार नाही, मग माझं काय व्हायचं ते होवो. पण मागच्या वेळी तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारल्याशिवाय मी पेन उचलणार नाही.

कल्पेश


वरची वाडी
६ मे

कल्पेश,

तुझी चिठ्ठी वाचली आन् चुरगाळून टाकली. मंग परत उचलली, कारण निरोप आईला व्हता, मला न्हाई.

बाया गोळा झाल्या. मी मोठ्यानं वाचून दावली. लेकीसुना भडकल्या, म्हणल्या, मुळीच न्हाई म्हणायचं, येवढी थोबाडीत बसली ती काय कमी हाय? ज्यांची पोरं ल्हान हायती त्या काय बोलल्या न्हाईत. आईनं त्यांच्याकडंच बघितलं.

आई म्हणली, "त्याला म्हणावं, लिव्ह. माझ्या सबदानं पाणी येत आसंल तर घ्या सबुद. मला कुठं निवडणुकीला हुबं ऱ्हायचंय?" मी म्हणलं, आई, हे लबाड बोलणं हाय. तर माझ्यावरच उखडली. "लबाड हाय ते मला कळतंय की. तू जातूस का झऱ्याला? न्हाई ना? मंग गप बस." सगळ्या बाया खाली बघाया लागल्या. मी बी.

पर तिनं आट घातलीय. 'पाणी मिळतंय' यवढंच म्हणनार. अण्णासाहेबांचं उपकार मानती असं म्हणनार न्हाई. "लबाड बोलायचं तर मापात", असं म्हणली. आन् फोटो काढायला तूच यायचं. दुसरा कुणी आला तर ती तोंडावर पांघरूण घेनार हाय.

मला हे पटलेलं न्हाई. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. तू आल्यावर मी तुझ्याशी बोलंन का न्हाई, सांगता येत न्हाई.

हौशीराम


घोडेगाव
१२ मे

हौशा,

मी आलो तेव्हा तू गोठ्यात जाऊन बसलास. बरोबर केलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "वाळलास रं." मी कॅमेरा काढला, तशी त्यांनी पदर सारखा केला आणि ठरलेली दोन वाक्यं म्हणाल्या. मी विचारलं, आणखी काही? म्हणाल्या, "आणिक काय? जा आता, गाडी जाईल."

बातमी आली. तू पाहिली असशील. मी शेवटी एक ओळ घातली होती, की योजनेची मोटार अजून बसलेली नाही. ती कापली. मावशींच्या वाक्यापुढे मात्र 'अण्णासाहेबांच्या प्रयत्नांमुळे' असं लावलं. बातमीबाबत एवढी एक अट होती त्यांची, तीसुद्धा मला पाळता आली नाही. सार्थकने रात्री फोन करून माफी मागितली. त्याचा आवाज माझ्यापेक्षा थकलेला होता. दुसऱ्या दिवशी त्या चॅनेलवर आलं, 'दबाव टाकून वृद्धेचा जबाब बदलला.' तेही खरं आहे आणि तेही त्यांच्या सोयीचंच. पाण्याचं त्यांनीही काही म्हटलं नाही.

टँकर आला का? भीमाशंकर गाडीचा ड्रायव्हर सांगत होता, आला म्हणून. तू कळव.

मी हे काम सोडतोय. राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी पाठवतो. दुकान बघेन, पेपर विकेन, पण लिहिणार नाही. मला माझी लाज वाटते, हौशा. मावशींनी डोक्यावरून हात फिरवला त्याची तर जास्तच वाटते. नीलमला बरं वाटलं.

कल्पेश


वरची वाडी
१५ मे

कल्पेश,

टँकर आला. येतोय. चौकापाशी हुबा ऱ्हातो, बाया भांडत न्हाईत, रांगंनं भरत्यात. कुणी हसलं न्हाई, कुणी आनंद केला न्हाई. भरलं आन् घरी गेल्या. सुनांनी आईचं डोकं धुतलं, लई दिसांनी. आई म्हणली, बरं वाटलं.

'प्रयत्नांमुळे' का काय ते मी तिला वाचून दावलं. गाळनार व्हतो, पर गाळलं न्हाई. ती उलिशीक हसली. "माप त्यांच्याच हातात हाय, मंग दुसरं काय व्हनार", म्हणली आन् कूस बदलून निजली. तू काळजी करू नको.

गोठ्यात जाऊन बसलो ते माझं चुकलं का बरोबर ते मला आजून कळंना. राग तुझ्यावर व्हता का माझ्यावर, ते बी कळंना. त्या चिठ्ठीला मी न्हाई म्हणू शकलो आसतो. म्हणलो न्हाई. मंग तुला एकट्याला कशाला धरू?

राजीनाम्याचं मातर ऐक. तू घोडेगावात कुणापाशी बोललास जणू, टपरीवर बोलत व्हते, घोडेगावची जागा रिकामी व्हनार म्हणून अण्णासाहेबांचा पुतण्या आत्ताच टपून बसलाय. गाडी हाय त्याच्याकडं, मोठा कॅमेरा हाय. पर तो तळेघरचा घाट चढून वर येयाचा न्हाई. त्याला गरजच न्हाई. तो घोडेगावात बसून आमच्या आईला पाणी पाजील, जिती करील, मेलेली करील.

तू पुढच्या येळी बी लबाडच छापशील, मला ठावं हाय. तुझ्या हातात काय हाय ते मी बघितलं. पर छापायच्या आधी तू वर येऊन आमाला इचारशील. सोमवारी तो कागद पाठवू नको. तू गेलास तर इचारायला बी कोण येनार न्हाई.

हौशीराम